तात्या विंचूला जरूर हसा. पण झपाटलेल्याची फिर्याद हसण्यावारी नेऊ नका!

1993 साली महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' हा चित्रपट पडद्यावर आला. त्याला आता तीस वर्षे उलटून गेली. त्यातला लक्ष्या म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे 16 डिसेंबर 2004 रोजी आपल्यातून गेले. तेव्हा हा चित्रपट पाहून घाबरलेली पोरे आता चाळिशीत पोहोचली, त्यांना पोरेबाळे झाली. पण त्यातला तो बाहुला, तात्या विंचू, काही जायला तयार नाही. आमच्या खुलताबाद तालुक्यातल्या शाळांची स्नेहसंमेलने पाहा. वेशभूषेच्या स्पर्धेत सावित्रीमाई, जिजाऊ, बाबासाहेब यांच्या रांगेत एखादे पोरगे भुवया काळ्या करून, घोगरा आवाज काढत उभे असतेच. त्या पोराचा जन्म चित्रपटानंतर वीस-पंचवीस वर्षांनी झालेला! मोबाइलवरच्या चित्रविनोदांत तात्या आहे, नकलाकारांच्या कार्यक्रमांत तात्या आहे, पुढाऱ्यांच्या टोमण्यांत तात्या आहे. गावात कोणी बुटका, रागीट माणूस असला की त्याचे नाव तात्या विंचू पडलेच म्हणून समजा. मराठीत एवढे चित्रपट आले आणि गेले, पण खलनायकाचे नाव असे घरोघरी टिकल्याची उदाहरणे बोटांवर मोजण्याइतकीच असतील.

काही वाचक म्हणतील, आरक्षणाचे प्रश्न पडलेत, शिष्यवृत्त्या रखडल्यात, अत्याचाराच्या केसेस वर्षानुवर्षे पडून आहेत, आणि तुम्ही हे बाहुल्याचे काय घेऊन बसलात? त्यांना आमचे नम्रपणे सांगणे आहे की, आम्ही करमणुकीवर लिहीत नाही. माणसाच्या डोक्यात भीती कोण घालतो, ती कोणाच्या माथी मारली जाते आणि तिच्यावर कोणाचे पोट चालते, हा आपल्या चळवळीचा जुनाच प्रश्न आहे. तीस वर्षे घराघरांत राहिलेल्या या बाहुल्याने त्या भीतीचे काय केले, हे तपासलेच पाहिजे.

आधी चित्रपट काय आहे ते नव्या पिढीसाठी थोडक्यात सांगतो. तात्या विंचू हा एक अट्टल गुन्हेगार. बाबा चमत्कार नावाच्या मांत्रिकाकडून तो मृत्युंजय मंत्र मिळवतो. पोलिसांच्या गोळीने मरता मरता तो मंत्र म्हणतो आणि त्याचा आत्मा शेजारी पडलेल्या बाहुल्यात शिरतो. हा बाहुला जातो लक्ष्याकडे. लक्ष्या हा बाहुल्यांना बोलते करणारा भोळाभाबडा कलावंत. बाहुल्याला परत माणूस व्हायचे असेल तर त्याने आपले गुपित ज्याला पहिल्यांदा सांगितले त्याच्याच शरीरात शिरले पाहिजे, म्हणून तो लक्ष्याच्या मागे लागतो. शेवटी पोलीस अधिकारी झालेले महेश कोठारे बाहुल्याच्या दोन भुवयांच्या मधोमध गोळी घालतात आणि खेळ संपतो. दिलीप प्रभावळकर यांनी तात्या उभा केला, राघवेंद्र कडकोळ यांनी बाबा चमत्कार, आणि तो बाहुला घडवला शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी. हे पाध्ये म्हणजे अर्धवटरावांना घेऊन महाराष्ट्रभर फिरलेले. त्यांच्या वडिलांनी, यशवंत पाध्ये यांनी, अर्धवटराव जन्माला घातला होता.

ही मूळ कल्पना मराठी मातीतली नव्हे. 1988 साली अमेरिकेत 'चाइल्ड्स प्ले' नावाचा चित्रपट आला. त्यात एका खुन्याचा आत्मा चकी नावाच्या बाहुल्यात शिरतो. तिथेही मंत्र आहे, पण तो कोणाचा? हैतीसारख्या बेटांवर गुलाम म्हणून नेलेल्या काळ्या माणसांनी आफ्रिकेतून आपल्याबरोबर जो धर्म नेला, त्या वूडूचा! त्या धर्माच्या एका दैवताचे नाव घेऊन हा गोरा खुनी बाहुल्यात शिरतो. वाचकहो, ही गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. खून करणारा गोरा, त्याला पकडणारा पोलीस गोरा, पण अघोरी विद्या तेवढी काळ्यांची. ज्यांना समाजाने तळाशी दाबले त्यांच्याच देवाधर्माला भुताखेताचा धर्म ठरवायचे, ही रीत आपल्या ओळखीची नाही काय?

आपल्याकडच्या भुताच्या गोष्टी आठवून पाहा. त्या कुठे घडतात? गावाच्या मधोमध, पाटलाच्या वाड्यासमोर, देवळाच्या सभामंडपात भूत क्वचितच दिसते. ते राहते वेशीबाहेर, मसणवट्यात, ओढ्याच्या काठी, गावकुसाच्या पलीकडल्या बाभळीवर. आणि तिथेच कोणाला वस्ती करून राहायला लावले होते? मेलेले जनावर ओढायचे, मर्तिकाचा सांगावा पोहोचवायचा, सरणाची लाकडे वाहायची, रात्री-अपरात्री गावाची राखण करायची, ही कामे कोणाच्या वाट्याला होती? ज्या अंधाराला गाव घाबरत होते त्या अंधारात आमचे आजे-पणजे रोज चालत होते. त्यांना भूत भेटले नाही. त्यांना भेटली ती उपासमार आणि विटाळाची काठी! गावाने मात्र भूत आणि अस्पृश्य यांना एकाच दिशेला बसवले. गावात पटकी आली, म्हैस आटली, पाळण्यातले मूल दगावले की करणीचा संशय कोणावर जायचा? एकट्या म्हाताऱ्या बाईवर, विधवेवर, आदिवासी वस्तीवर, नाहीतर आमच्या वाड्यावर.

या पार्श्वभूमीवर 'झपाटलेला'कडे पाहिले तर एक गोष्ट त्याच्या बाजूने मान्य केलीच पाहिजे. पुष्कळ हिंदी भयपटांत मांत्रिक म्हटला की काळाकभिन्न, अंगाला राख फासलेला, कवट्यांच्या माळा घातलेला रानटी माणूस दाखवतात. कोठाऱ्यांनी ते केले नाही. त्यांचा खलनायक शहरातला गुंड आहे, त्याचा मंत्र 'फट् स्वाहा' असा संस्कृत वळणाचा आहे, आणि तो देणाऱ्या बाबाचे नावच चमत्कार ठेवून त्यांनी बुवाबाजीची टोपी उडवली आहे. दलित-आदिवासीच्या माथी या चित्रपटाने भूत मारले नाही. शिवाय त्याने माणसांना हसवले. भूत पाहून ज्या पोरांची बोबडी वळायची, ती पोरे भुताची नक्कल करू लागली. ज्याची नक्कल करता येते त्याची दहशत कमी होते, हे मानसशास्त्राचे पुस्तक न वाचताही कळते. तात्या विंचू तीस वर्षे टिकला तो या हसण्यामुळे. नुसती भीती घालणारे कितीतरी चित्रपट याच काळात आले. त्यातल्या भुतांची नावे आज कोणाच्या तोंडी नाहीत.

इथपर्यंत आमची काही तक्रार नाही. तक्रार पुढेच आहे.

चित्रपटात लक्ष्या जिवाच्या आकांताने सांगत असतो की बाहुला जिवंत आहे, तो मला मारणार आहे. कोणी ऐकत नाही. त्याला वेड्यात काढतात. बाहुल्याने केलेल्या पापाचा संशय या गरीब माणसावर येतो. प्रेक्षक म्हणून आपण लक्ष्याच्या बाजूने असतो, कारण खरे काय ते आपल्याला दिसत असते. पण चित्रपटगृहातून बाहेर पडल्यावर आपण कोणाच्या बाजूने असतो? बाहेर आल्यावर आपल्या हातात फक्त हसणे उरते. आणि हे हसणे कधी कधी नको त्या माणसावर पडते.

आम्ही वकिली करतो आणि चळवळीचेही काम करतो, त्यामुळे अशी माणसे आमच्याकडे येतात. काही वर्षांपूर्वी एक तरुण आपल्या बहिणीची कैफियत घेऊन आला. पोरगी एकोणीस वर्षांची. रात्री झोप नाही, एकटीच बडबडते, मध्येच किंचाळते. घरच्यांनी तिला भगताकडे नेले. बाहेरची बाधा आहे, झपाटलेय, असे भगताने सांगितले. मिरच्यांची धुरी दिली, केस धरून आपटले, वेताच्या छडीने पाठ सोलून काढली. भावाने तालुक्याबाहेरच्या एका पोलीस ठाण्यात धाव घेतली, सोबत आम्हीही होतो. कागद वाचून तिथले एक साहेब म्हणाले, "काय वकीलसाहेब, पोरीत तात्या विंचू शिरला का काय?" ठाण्यात हशा पिकला. दोन शिपाई तो मंत्रही म्हणून दाखवू लागले. पोरीच्या पाठीवरचे वळ त्या हशात कोणाला दिसले नाहीत. तिचा भाऊ खाली मान घालून उभा होता. पुढे वरिष्ठांकडे लेखी अर्ज गेला तेव्हा गुन्हा नोंदवला गेला, आणि सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात उपचार सुरू झाल्यावर ती पोरगी हळूहळू सावरली. पण गुन्हा नोंदवायला जे दिवस गेले ते एका विनोदामुळे गेले!

चित्रपटाने दिलेले हसू भुतावर होते, भगतावर होते. ते फिरून मार खाणाऱ्या पोरीवर आले. ज्या विनोदाने भीती घालवायची तोच विनोद फिर्याद घालवायला वापरला गेला. लोकप्रिय चित्रपटाचा समाजावर परिणाम होतो तो असाही. त्याचा दोष कोठाऱ्यांना द्यावा असे आम्ही म्हणणार नाही. दोष आपल्या हसण्याचा आहे. ते अर्ध्यावर थांबते.

आता 2013 हे एकच वर्ष डोळ्यांसमोर आणा. 7 जून 2013 रोजी 'झपाटलेला 2' प्रदर्शित झाला. तात्या विंचू या वेळी थ्रीडीमध्ये आला. लक्ष्या नव्हता, म्हणून गोष्टीत त्याचा मुलगा आणला गेला. महाराष्ट्रातली पोरे डोळ्यांवर काळे चष्मे चढवून अंगावर येणाऱ्या बाहुल्याला पाहत किंचाळत होती. त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत, 20 ऑगस्ट 2013 रोजी सकाळी, पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकर यांना गोळ्या घालण्यात आल्या. ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे सरकारचे उंबरठे झिजवत होते, त्याचा वटहुकूम त्यांच्या हत्येनंतर काही दिवसांत निघाला आणि डिसेंबर 2013 मध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला. 10 मे 2024 रोजी पुण्याच्या न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली, तिघांना निर्दोष सोडले. शिक्षा झालेले ते दोघे आपल्याच जिल्ह्यातले तरुण आहेत, ही गोष्ट आपण इथल्या लोकांनी विसरता कामा नये. पडद्यावरच्या मांत्रिकाला हसणारा महाराष्ट्र आणि खऱ्या मांत्रिकाविरुद्ध बोलणाऱ्याला गोळी घालणारा महाराष्ट्र, हे दोन्ही त्या एकाच उन्हाळ्या-पावसाळ्यात दिसले.

या कायद्याचे नाव लांबलचक आहे. लोक त्याला जादूटोणाविरोधी कायदा म्हणतात. त्याच्या अनुसूचीत बारा कलमे आहेत. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणे, छडीने मारणे, मिरचीची धुरी देणे, चटके देणे हा पहिल्याच कलमात गुन्हा आहे. अंगात अतिंद्रिय शक्ती संचारल्याचे भासवून लोकांना घाबरवणे गुन्हा आहे. गुप्तधनासाठी अमानुष कृत्य करणे गुन्हा आहे. अमुक माणूस करणी करतो, जनावराचे दूध आटवतो असे सांगून त्याचे जगणे मुश्कील करणे गुन्हा आहे. मागच्या जन्मी तू माझी बायको होतीस असे सांगून बाईला नासवणे गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. गुन्हा दखलपात्र आहे आणि अजामीनपात्र आहे.

आणि याच अनुसूचीत विंचूसुद्धा आहे! कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे असले उपचार करणे हा गुन्हा आहे. ही गोष्ट मराठवाड्याच्या जिव्हाळ्याची आहे. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावात जन्मलेले डॉ. हिंमतराव बावसकर 1970 च्या दशकात कोकणात महाडजवळ सरकारी डॉक्टर म्हणून गेले. तिथे लाल विंचू चावलेली पोरे त्यांच्या डोळ्यांदेखत हृदय निकामी होऊन मरत होती. विंचू उतरवणारे मांत्रिक गावोगाव होते, मंत्र होते, पण पोरे मरतच होती. बावसकरांनी रात्र-रात्र रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी केल्या. रक्तदाब उतरवणारे प्राझोसिन हे औषध वेळेवर दिले तर रुग्ण वाचतो हे त्यांनी दाखवून दिले. 1986 साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकाने त्यांचे काम छापले. शंभरात चाळीसपर्यंत मरणारे रुग्ण शंभरात एकावर आले. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. महाराष्ट्रात खरा विंचू कोणी उतरवला असेल तर तो या माणसाने. त्याचे नाव आपल्या किती पोरांना माहीत आहे? तात्या विंचूचा मंत्र पाठ असलेल्या पोराला प्राझोसिन हा शब्द माहीत नसेल, तर ती त्या पोराची चूक म्हणता येणार नाही. आपण त्याला सांगितले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्यातले काही तरुण कार्यकर्ते तावातावाने म्हणतात की असल्या चित्रपटांवर बंदीच घातली पाहिजे, कायद्यात प्रचार-प्रसार हा शब्द आहेच. त्यांच्या तळमळीबद्दल आदर राखूनही आम्ही याच्याशी सहमत नाही. संविधानाच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाने दिलेले अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य बंदीच्या मागणीने पहिल्यांदा कोणाचे जाते? आपलेच! उद्या आपल्या जलशावर, आपल्या नाटकावर, आपल्या पुस्तकावर हीच कुऱ्हाड चालवायला टपलेले लोक कमी नाहीत. गोष्ट सांगणे वेगळे आणि फसवणे वेगळे. तिकीट काढून आत गेलेल्या माणसाला माहीत असते की समोर खेळ चालू आहे. भगतापुढे बसलेल्या माणसाला ते माहीत नसते. कायदा हात घालतो तो या दुसऱ्या ठिकाणी.

भयाचे चित्रच काढू नका असे तर आपल्या परंपरेनेही कधी सांगितले नाही. आपल्याच जिल्ह्यात अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यात जा. डाव्या भिंतीवर माराची सेना कोरलेली आहे. अक्राळविक्राळ चेहरे, शस्त्रे, हत्तीवर बसून आलेला मार. दीड हजार वर्षांपूर्वीच्या शिल्पकाराने भय दाखवायला काही हात आखडता घेतला नाही. पण त्या गदारोळाच्या मधोमध तथागत शांत बसलेले आहेत, एक हात जमिनीला टेकवून. भीती दाखवायची तर तिच्यासमोर न घाबरलेला माणूसही दाखवायचा, एवढी अट त्या शिल्पकाराने पाळली.

मग तात्या विंचूच्या समोर आपण काय ठेवायचे? त्याचे उत्तर त्याच्या घडणीतच आहे. रामदास पाध्ये जी कला करतात तिचे मराठी नाव आहे शब्दभ्रम. नावातच प्रामाणिकपणे सांगून टाकले आहे की हा भ्रम आहे. कलावंत ओठ न हलवता बोलतो, बाहुल्याचा जबडा हलतो, आणि आपल्याला वाटते बाहुला बोलला. खेळ संपला की बाहुला पेटीत जातो, कलावंत टाळ्या घेतो. बुवा आणि कलावंत यांच्यात फरक आहे तो इथे. कलावंत भ्रम आहे असे सांगून भ्रम करतो. बुवा तोच हात बाहुल्याच्या आत लपवतो आणि लपवण्याचे पैसे घेतो.

आता आत्मा एका देहातून उडून दुसऱ्यात शिरतो, या कल्पनेकडे वळू. चित्रपटाचा सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे. बाहुला खोटा हे सगळ्यांना कळते, पण आत्मा शिरतो-निघतो ही समजूत मात्र पाहणाऱ्याच्या डोक्यात तशीच राहते, कारण ती त्याच्या डोक्यात चित्रपटाच्या आधीपासून असते. या समजुतीची उलटतपासणी आमच्या मराठवाड्याला नवी नाही. बाबासाहेबांनी 1950 साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय सुरू केले. पुढे त्याला नाव दिले मिलिंद, आणि परिसराचे नाव नागसेनवन. हे मिलिंद आणि नागसेन कोण? एक प्रश्न विचारणारा राजा आणि दुसरा उत्तर देणारा भिक्खू. नागसेनांनी राजाला विचारले की, तू रथातून आलास, मग रथ म्हणजे काय ते दाखव. चाक म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय? दांडी म्हणजे रथ काय? एकेक भाग बाजूला काढला तर रथ नावाची वेगळी वस्तू हाती लागत नाही. भाग एकत्र आले की त्याला आपण रथ म्हणतो. माणसाचेही तसेच. त्याच्या आत बसलेला, उडून जाणारा वेगळा आत्मा नाही.

हीच उलटतपासणी तात्या विंचूची घ्या. डोके काढा, जबड्याची दोरी काढा, कपडे काढा, हात-पाय सुटे करा. प्रभावळकरांचा आवाज बाजूला ठेवा, पाध्यांचा हात बाजूला ठेवा. सांगा, आता तात्या कुठे आहे? दहा वर्षांच्या पोराला हे पाच मिनिटांत कळते. आणि एकदा बाहुल्याबाबत कळले की त्याला पुढचा प्रश्न आपोआप पडतो: शेजारच्या काकूंच्या अंगात येते, तेव्हा आत कोणाचा हात असतो? कधी तो आजार असतो, कधी घरातला जाच असतो, कधी शुद्ध लबाडी असते. भूत मात्र कधीच नसते. 14 ऑक्टोबर 1956 रोजी दीक्षाभूमीवर आपल्या बापजाद्यांनी श्राद्धपक्ष आणि पिंडदान करणार नाही अशी प्रतिज्ञा घेतली, तीसुद्धा याच विचाराची आहे. घोटाळणारा आत्माच नाही तर त्याला पिंड कसला?

तेव्हा आमची समाजबांधवांना, विशेषतः शिक्षक आणि युवक मंडळांना काही साधी विनंती आहे. आमचा खुलताबाद तालुका म्हणजे श्रद्धेने येणाऱ्या लोकांचा तालुका. भद्रा मारुतीला पायी येणारे लोक, दर्ग्याच्या उरुसाला येणारे लोक, घृष्णेश्वराचे भाविक, वेरूळच्या बौद्ध लेण्यांत वंदना घेणारे आपण, सगळे एकाच घाटाने चढतो. या माणसांच्या श्रद्धेशी भांडण काढायचे काही कारण नाही. कायद्यानेही यात्रा, प्रार्थना, भजन, कीर्तन यांना हात लावलेला नाही. भांडण आहे ते भीती विकणाऱ्यांशी. ते कोणत्याही धर्माचे कपडे घालून येतात, निळी टोपी घालूनसुद्धा येतात, हेही सांगून ठेवतो.

पहिली विनंती अशी. शाळेत पोरगा तात्या विंचू होऊन आला तर त्याला दटावू नका. त्याच्या शेजारी दुसरे एक पोर डॉ. बावसकर करून उभे करा. विंचू चावल्यावर काय करायचे हे त्याच्या तोंडून दोन वाक्यांत सांगवून घ्या. संविधानाच्या 51 क या अनुच्छेदात वैज्ञानिक दृष्टी वाढवणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य म्हणून लिहिले आहे. त्याची सुरुवात स्नेहसंमेलनाच्या मंचावरून व्हायला काय हरकत आहे? जयंतीच्या कार्यक्रमात एखादा बोलक्या बाहुल्यांचा खेळ ठेवा आणि शेवटी कलावंताला विनंती करा की बाहुला पोरांसमोर उघडून दाखवा.

दुसरी विनंती कायद्याची आहे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की फिर्याद नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिताकुमारी प्रकरणात 12 नोव्हेंबर 2013 रोजी दिलेला आहे. ठाण्यात नकार मिळाला तर तीच फिर्याद लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते, आणि तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. या कायद्याखाली दक्षता अधिकारी म्हणून काम पाहणारा अधिकारी पोलीस निरीक्षकाच्या दर्जापेक्षा खालचा नसतो; आपल्या भागात तो कोण आहे याची चौकशी करून ठेवा. पीडित अनुसूचित जाती-जमातीची असेल आणि जादूटोण्याचा किंवा चेटकीण असल्याचा आळ घेऊन तिला मारले किंवा छळले असेल, तर 2015 च्या दुरुस्तीनंतर अॅट्रॉसिटी कायद्याचेही कलम लागते. ते फिर्यादीतच नमूद करा. नंतर वाढवून घ्यायला फार यातायात पडते, हा आमचा रोजचा अनुभव आहे.

तिसरी विनंती सगळ्यांनाच आहे, ठाण्यातल्या साहेबांनाही. तात्या विंचूवर पोट धरून हसा. त्याचा आवाज काढा, मंत्र म्हणा, काहीही होत नाही हे पोरांना दाखवा. पण कोणी मार खाल्लेली बाई, कोणी घाबरलेला भाऊ, कोणी करणीचा आळ आलेली म्हातारी तुमच्यापुढे उभी राहिली, तर तो विनोद तोंडातच गिळा आणि पेन हातात घ्या. लक्ष्याचे कोणी ऐकले नाही म्हणून चित्रपट अडीच तास चालला. आपल्या वस्तीतल्या झपाटलेल्याचे लगेच ऐकले, तर त्याचे हाल पहिल्याच दिवशी थांबतील.

जय भीम!